ट्रॅप, स्कीट की स्पोर्टिंग? तबकडीच्या नेमबाजीसाठी बंदूक निवडताना

कोकणाला बंदूक नवी नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची दुनळी कित्येक घरांत आहे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि आचारसंहिता उठली की घरी परत येते. म्हणून घरातला मुलगा किंवा मुलगी तबकडीच्या नेमबाजीकडे वळली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: घरात आहे तीच वापरली तर?

नको. आधी परवान्याचं बघू. शेतीसंरक्षणासाठी दिलेला परवाना त्याच कामासाठी असतो. बऱ्याचदा तो जिल्ह्यापुरता किंवा राज्यापुरताच असतो, आणि त्यावर ती बंदूक दिल्लीच्या रेंजवर नेता येत नाही. खेळासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. आपल्याकडे तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो, आणि त्याला राज्य संघटनेचं सदस्यत्व व सरावाचे कागद जोडावे लागतात. क्षेत्राच्या रकान्यात 'संपूर्ण भारत' मागायला विसरू नका. शस्त्र कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाल्यापासून सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, पण नवख्याने पहिली बंदूक एकच आणि विचार करून घ्यावी. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया 1951 साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, ज्यांचं घराणं मूळचं संगमेश्वराजवळच्या मावळंग्याचं. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची अखिल भारतीय स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते. या खेळाशी कोकणाचं नातं असं जुनं आहे.

दुसरं कारण खुद्द बंदुकीत आहे. शेतावरची दुनळी वजनाला हलकी, तीन किलोच्या आसपास, म्हणजे धक्का जास्त. दिवसाला चार काडतुसं उडवायची तर तो जाणवत नाही, पण शंभर उडवली की खांदा दुखायला लागतो आणि चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात. ही सवय एकदा लागली की सुटायला वर्ष जातं. शिवाय शेजारी-शेजारी दोन नळ्यांची रुंदी डोळ्यासमोर येते आणि तिच्याआड तबकडी लपते. जुन्या दुनळीचा दस्ता खाली उतरलेला असतो, त्यामुळे गाल टेकवला की डोळा नळीवरच्या पट्टीच्या खाली जातो. मग माणूस नेमासाठी मान उचलतो, आणि मान उचलली की बार वरून निघून जातो.

म्हणून खेळासाठी एकावर एक नळी असलेली, म्हणजे ओव्हर-अंडर, 12 बोअरची बंदूक घ्यायची. नजरेसमोर एकच पट्टी, दोन नळ्यांना दोन वेगळे चोक (नळीच्या तोंडाचं आकुंचन, छर्रे किती पसरतील ते त्यावर ठरतं), आणि मोडून हातावर घेतली की ती रिकामी आहे हे चार हातांवरूनही दिसतं. अर्ध-स्वयंचलित बंदुकीला धक्का कमी बसतो हे खरं. पण तिला चोक एकच, टरफलं शेजाऱ्याच्या अंगावर उडतात, आणि आपल्या दमट हवेत तिची गॅसची भोकं सारखी साफ करावी लागतात. पंप-ॲक्शन आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, स्पर्धांत चालतच नाही. लहान चणीच्या मुलामुलींना कुणी 20 बोअर सुचवतात. तो सल्ला मानू नका. 20 बोअरची बंदूक हलकी असते, आणि त्याच 24 ग्रॅम छऱ्यांनी ती जास्त धक्का देते. 12 बोअर घ्या, दस्ता मापाचा करून घ्या आणि सरावाला 21 ग्रॅमची काडतुसं वापरा.

आता खेळ ठरवा. बंदूक त्यानंतर ठरते.

तबकडी तिन्ही खेळांत साधारण सारखीच: 110 मिमी व्यास, 25 मिमी उंची, 105 ग्रॅमच्या आसपास वजन. नाव मातीचं असलं तरी ती डांबरासारखा पिच आणि चुनखडीची भुकटी मिळून केलेली असते. फरक पडतो तो ती कुठून येते, कुठे जाते आणि तुम्हाला तिची कोणती बाजू दिसते यात.

ट्रॅपमध्ये नेमबाजांच्या पुढे 15 मीटरवर खंदक असतो. त्यात 15 यंत्रं असतात, प्रत्येक उभं राहण्याच्या जागेसमोर तीन. बंदूक आधीच खांद्याला लावलेली असते. हाक दिली की तिघांपैकी कुठल्याही यंत्रातून तबकडी सुटते, डावीकडे, उजवीकडे किंवा सरळ, 45 अंशांपर्यंत, आणि मोकळी सोडली तर सुमारे 76 मीटर जाऊन पडते. ती तुमच्यापासून लांब पळत असते आणि वर चढत असते. तुम्हाला फक्त तिची कड दिसते, जेमतेम दीड बोट जाडीची. चांगला नेमबाज पहिला बार ती 32-35 मीटरवर असताना टाकतो. पात्रता फेरीत दुसऱ्या बाराची मुभा असते, आणि तोवर ती 40 मीटरच्या पुढे गेलेली असते.

या वर्णनातूनच ट्रॅपची बंदूक कशी हवी ते निघतं. तबकडी चढती, म्हणून बंदूक थोडी वर मारणारी हवी. नाहीतर चढत्या तबकडीला नळीने झाकून, म्हणजे न बघता, चाप ओढावा लागतो. याला धंद्यात 60/40 किंवा 70/30 म्हणतात: शंभरातले साठ किंवा सत्तर छर्रे नेमाच्या वर, बाकीचे खाली. 36 मीटरवर 60/40 म्हणजे साधारण 7-8 सेंमी वर. अंतर लांब, म्हणून चोक घट्ट: खालच्या नळीला, जी आधी उडते, अर्धा ते पाऊण, आणि वरच्या नळीला फुल. नळी 30 किंवा 32 इंची, वजन 3.6 ते 4 किलो, पट्टी उंच. वजन ऐकून दचकू नका. ते वजन हात एका चालीत ठेवतं आणि धक्का खातं. हलक्या अंगाच्या मुलीने 30 इंची, साडेतीन किलोची घेतली तर चालेल. त्याहून खाली मात्र जाऊ नये.

स्कीटचं गणित वेगळं. अर्धवर्तुळावर आणि मधोमध मिळून आठ जागा, दोन टोकांना दोन घरं. उंच घरातून तबकडी 3.05 मीटरवरून सुटते, बुटक्या घरातून 1.05 मीटरवरून. ती समोरून आडवी जाते आणि बहुतेक वेळा 20 मीटरच्या आतच फोडायची असते. दस्ता जाकिटावरच्या पट्टीला, कमरेजवळ टेकलेला ठेवायचा. हाक दिल्यावर तबकडी लगेच सुटेल किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही, आणि ती दिसल्यावरच बंदूक खांद्याला आणायची. एका तबकडीला एकच बार.

म्हणून स्कीटची बंदूक सरळ, म्हणजे 50/50 मारणारी. नळी 28 किंवा 30 इंची. चोक सिलिंडर किंवा स्कीट, म्हणजे जवळजवळ मोकळी नळी. 20 मीटरवर अशा नळीचे छर्रे पाऊण मीटर रुंद पसरतात. फुल चोकचे जेमतेम हातभर. तोच फुल चोक स्कीटला लावला तर तबकडीची एक तर भुकटी होते, नाही तर ती अख्खी निघून जाते, आणि निघून जाणाऱ्या जास्त. दस्ता ट्रॅपच्यापेक्षा 3 ते 5 मिमी आखूड ठेवावा. आणि एका बारक्या गोष्टीकडे नीट बघा: दस्त्याच्या टोकाचं रबर. वरची टाच चिकट, टोकदार रबराची असेल तर वर येताना ती जाकिटाला अडकते आणि बंदूक खांद्याऐवजी दंडावर बसते. टाच गोल आणि गुळगुळीत हवी.

स्पोर्टिंगमध्ये तबकडी सशासारखी जमिनीवर उसळत येते, डोक्यावरून जाते, उतरत जाते. इथे एकच ठरावीक चोक असून चालत नाही. बदलत्या चोकची, म्हणजे मल्टीचोक, 30 किंवा 32 इंची बंदूक घ्यावी आणि बहुतेक वेळा पाव व अर्धा चोक लावून ठेवावा. काडतूस 28 ग्रॅमपर्यंत चालतं, आयएसएसएफच्या खेळांत 24. डबल ट्रॅपचा, म्हणजे एकदम दोन तबकड्या सुटतात त्या प्रकाराचा, नाद असेल (2004 साली अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोडांनी रौप्य जिंकलं ते त्यातच) तर वेगळी बंदूक नको, ट्रॅपचीच चालते. 2016 नंतर तो प्रकार ऑलिंपिकमध्ये राहिलेला नाही.

खेळ ठरलाच नसेल तर? दस्त्याची दाल (गाल टेकते ती धार) वर-खाली करता येणारी, मल्टीचोक, 30 इंची स्पोर्टिंग. तीवर तिन्ही खेळ शिकता येतात. पण मूल ट्रॅपच करणार हे प्रशिक्षकाने पक्कं केलं असेल तर 'सगळ्याला चालणारी' घेऊ नका. दोन वर्षांत ती विकून दुसरी घ्यावी लागते, आणि परवान्यावरची अदलाबदल म्हणजे पुन्हा कार्यालयाच्या फेऱ्या.

चोकबद्दल अजून थोडं. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेली आकुंचनाची जागा. सिलिंडरमध्ये काहीच नाही, पाव चोकमध्ये सुमारे 0.25 मिमी, अर्ध्यात 0.5, पाऊणमध्ये 0.75, फुलमध्ये 1 मिमी. बहुतेक इटालियन बंदुकांवर हे चांदण्यांनी लिहिलेलं असतं: एक चांदणी म्हणजे फुल, चार म्हणजे पाव. चांदण्या जास्त तितकं तोंड मोकळं, हे उलटं वाटतं आणि नवख्याची इथेच फसगत होते. छर्रेही खेळाप्रमाणे. ट्रॅपला साडेसात नंबर, 2.4 मिमीचे, 24 ग्रॅममध्ये सुमारे 300. लांबवर कडेला लागायचं तर छऱ्यात जोर हवा. स्कीटला नऊ नंबर, 2 मिमीचे, तेवढ्याच वजनात पाचशेच्या वर. जवळून जोर पुरतो, दाट जाळं हवं.

आता मापाकडे. पैसे जास्त जातात ते ब्रँडवर, आणि बार चुकतात ते मापामुळे. पेराझी, बेरेटा, ब्लेझर, क्रीगहॉफ, मिरोकू, सगळ्या चांगल्या बंदुका करतात. पेराझीची एमएक्स-8 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी बनली आणि आजही चालते. पण बेमाप पेराझीपेक्षा मापाची साधी बंदूक जास्त तबकड्या फोडते. शॉटगनला मागचा नेम नसतो. तुमचा डोळा हाच मागचा नेम, आणि तो कुठे राहील हे दस्ता ठरवतो.

पहिल्यांदा जोर कुठल्या डोळ्याचा ते बघा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये रुपयाएवढी फट ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून लांबचा नारळाचा शेंडा धरा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने शेंडा फटीत राहतो तो जोराचा. उजव्या हाताचा माणूस आणि डावा डोळा जोराचा असेल तर लहान मुलाला सरळ डाव्या खांद्यावर शिकवा. मोठ्याने डाव्या भिंगावर छोटी धुरकट टेप लावून बघावं. हे न तपासता बंदूक घेतली तर बार सारखे एका बाजूला जातात आणि दोष बंदुकीला मिळतो.

मग बंदूक मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे स्वतः आणि दुसऱ्याकडून बघून घ्या. सरावाचं जाकीट अंगात घालूनच पुढचं करा. कोकणातल्या सुती सदऱ्यावर मापलेला दस्ता दिल्लीच्या थंडीत जाड जाकिटावर अर्धा-एक सेंमी लांब पडतो. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. पट्टीवरचा पुढचा मणी मधल्या मण्याच्या बरोबर वर, इंग्रजी 8 सारखे दोन गोल एकावर एक दिसले तर ट्रॅपला माप जमलं. स्कीटला दोन्ही मणी जवळजवळ एका रेषेत. पट्टीचा लांब पल्ला दिसत असेल तर दाल उंच आहे. पट्टी दिसतच नसेल, नुसता मागचा भाग दिसत असेल, तर दाल खाली आहे. पट्टी डावीकडून तिरपी दिसली तर दस्त्याला बाजूचा वाक कमी-जास्त आहे. उजवखुऱ्याचा वाक डावखुऱ्याला उलटा पडतो, जुनी बंदूक घेताना हे हमखास बघा.

लांबी: चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत बहुतेक बंदुका 365 ते 375 मिमी येतात. पाच फुटांच्या आसपासच्या मुलीला 340-350 लागते. अंगठ्याचं पहिलं पेर आणि नाक यांच्यात दोन-तीन बोटं अंतर राहिलं की लांबी बरी. कमी राहिलं तर अंगठा नाकावर आपटतो, जास्त असेल तर बंदूक काखेत अडकते. लांबी वाढवायला फळीचे तुकडे बसवता येतात, कमी करायला दस्ता कापावा लागतो. कापायचं काम परवानाधारक कारागिराकडेच. नळीला मात्र कोणालाही हात लावू देऊ नका. नळी आखूड करणं शस्त्र कायद्याने गुन्हा आहे.

शेवटी पत्र्यावर तपासणी, आणि ती रेंजवरच. पांढरा चुना फासलेला पत्रा किंवा मोठा कागद, मध्ये काळा ठिपका, अंतर 16 यार्ड म्हणजे 14.6 मीटर. बंदूक खांद्याला आली की लगेच चाप ओढा, नेम धरत बसू नका. असे पाच-सहा बार एकाच कागदावर टाका. छऱ्यांच्या ढगाचा मध्य बघा. डोळा ते नळीचं तोंड हे अंतर साधारण एक यार्ड असतं, म्हणून इथली चूक दस्त्यावर सोळाव्या भागाने दुरुस्त होते: ढग 25 मिमी खाली पडला तर दाल 1.6 मिमी वर घ्यायची. ट्रॅपच्या बंदुकीचा मध्य या अंतरावर ठिपक्याच्या वर 25-30 मिमी आला तर ती 60/40 आहे. दोन्ही नळ्या वेगवेगळ्या तपासा. खालची एकीकडे आणि वरची दुसरीकडे मारत असेल तर ती बंदूक घेऊ नका. हा दोष दस्त्याने जात नाही.

चापाचा ओढा दीड ते पावणेदोन किलो बरा. एक चाप असलेल्या बंदुकीत दुसरा बार तयार कसा होतो हेही विचारा. काही बंदुकांत धक्क्यानेच आतला घोडा बदलतो, आणि हलक्या काडतुसाला जड बंदुकीत तेवढा धक्का बसत नाही. मग दुसऱ्यांदा ओढलेला चाप नुसता खुळखुळतो. 21-24 ग्रॅमवर खेळायचं असेल तर यांत्रिक चाप मागा.

जुनी बंदूक घेताना पुढचा लाकडी हातधरा काढून बंदूक कानाजवळ हलवा. नळ्या आणि पेटी (चाप-घोडा असतो तो लोखंडी भाग) यांच्यात कट्कट् आवाज आला तर सांधा झिजलाय. नळ्या सुट्या करून आकड्यावर टांगा आणि लाकडाने हलकी टिचकी मारा. घंटेसारखा नाद यायला हवा. भद्द आवाज म्हणजे पट्टीचा डाग सुटलाय. नळीतून उजेडाकडे बघा: आत काळी अंगठी दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे. दस्ता जिथे पेटीला मिळतो तिथे केसासारखी चीर शोधा. फार जुन्या विलायती बंदुकांचा कोठा, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, 65 मिमीचा असतो आणि आजची काडतुसं 70 मिमीची. न उडवलेलं 70 चं काडतूस त्या कोठ्यात आरामात बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. उडालं की ते उलगडतं, वाट अडते आणि दाब भलता वाढतो. कोठ्याचं माप नळीवर कोरलेलं असतं, ते वाचल्याशिवाय एकही बार टाकू नका.

हवा हा आपल्याकडचा मोठा शत्रू. समुद्रावरचा खारा वारा आणि हाताचा घाम मिळून पॉलिशवर आठ दिवसांत तांबूस ठिपके काढतात. म्हणून कोकणात राहणाऱ्याने आतून क्रोम केलेल्या नळ्या आणि तेल मुरवलेला दस्ता पसंत करावा. चकचकीत वार्निशच्या दस्त्यात चीर पडली की पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. सराव संपल्यावर त्याच दिवशी नळ्या पुसा, चोक काढा, आट्यांवरची काजळी कापडाने काढून तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस लावा. चोक महिनाभर तसेच राहिले तर आटे जाम होतात आणि पाना फिरवला तर चोकची कड तुटते. बिजागरीच्या खिळ्यालाही ग्रीस. खोबरेल तेल मात्र कुठेही नको. ते दिल्लीच्या डिसेंबरात गोठतं आणि टरफल बाहेर फेकणारा इजेक्टर हलत नाही. बंदुकीचं तेल बोटाला जाणवेल न जाणवेल इतकंच, आणि पहिली रात्र नळीचं तोंड खाली करून उभी ठेवा. नाहीतर जास्तीचं तेल दस्त्याच्या मुळात उतरतं आणि लाकूड मऊ पडतं.

फोमच्या किंवा चामड्याच्या कव्हरमध्ये पावसाळ्यात बंदूक ठेवू नका. कव्हर फक्त प्रवासापुरतं. घरी कुलूपबंद लोखंडी कपाटात, भिंतीपासून चार बोटं सुटी, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला उघडून पुसायची. काडतुसं वेगळ्या कुलपात, पावसाआधीच कोरड्या डब्यात. वापरण्यापूर्वी त्यांची बूडं बघा. पितळेवर हिरवा कळंक चढला असेल तर ते काडतूस कोठ्यात अडकतं, आणि अडकलेलं काडतूस काठीने ठोकून काढायचा मोह धोक्याचा आहे. असं खोकं बाजूला ठेवा आणि ज्या परवानाधारक दुकानातून आणलं त्यालाच परत द्या.